श्रीकांतसाठी यंत्र निवडताना

रेवदंड्याच्या पुलाअलीकडे टेम्पोतून सायकली उतरवल्या तेव्हा सकाळचे सात वाजले होते. खालच्या खाडीतून होड्या परतत होत्या आणि सुकत घातलेल्या मासळीचा वास पुलापर्यंत येत होता. मी दोन्ही सायकलींच्या दांड्यावर एकेक जीपीएस यंत्र बसवलं आणि उपग्रह सापडायची वाट पाहत उभा राहिलो. श्रीकांत टायर दाबून बघत होता. तीनदा दाबून झाले, चौथ्यांदा दाबायला लागला तेव्हा मी त्याला हेल्मेट दिलं.

श्रीकांत माझा बारा वर्षांचा सायकलसोबती. वय एकसष्ट, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आणि चढावर अजूनही माझ्या पुढे. गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्याला स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे असं सांगितलं. त्यानंतर तो दोनदा पनवेलमधल्या घराची वाट चुकला. दुसऱ्या खेपेला तो पेणच्या रस्त्यावर एका पेट्रोलपंपाशी बसलेला सापडला, बाटलीत पाण्याचा थेंब नव्हता. त्याच्या बायकोनं, सुमावहिनींनी, मला सरळ सांगितलं होतं: "भाऊजी, याला घरी आणणारं एखादं यंत्र असेल तर निवडून द्या. नसेल तर मी सायकलीला कुलूप लावते."

म्हणून ही सहल. दोन दिवस, रेवदंडा ते श्रीवर्धन, थोडा डांबरी रस्ता आणि थोडी पायवाट. दोन्ही यंत्रं उसनी आणलेली. एक लहान, बटणांचं, पडद्यावर नुसती एक रेघ आणि बाण दाखवणारं, बॅटरी दोन दिवस टिकणारं. दुसरं मोठं, बोटानं चालणारं, त्यात ओढे, डोंगर, बैलगाडीचे रस्तेसुद्धा रंगीत दिसायचे. पहिलं डांबरी रस्त्याला बरं आणि दुसरं आडवाटेला, असं जाणकारांचं मत होतं. जाणकारांपैकी कुणाचा दोस्त वाट विसरत नव्हता.

पूल ओलांडला की साळावचा नाका येतो. डावीकडे रोहा, उजवीकडे मुरूड. मी मुद्दाम मागे राहिलो. श्रीकांत जरासुद्धा न थांबता डावीकडे वळला. पन्नास पावलांवर त्याचं लहान यंत्र पिपाणीसारखं वाजलं, त्यानं खाली पाहिलं, सायकल वळवली आणि माझ्या शेजारून जाताना म्हणाला, "बघत होतास ना? मला कळतं." मला लाज वाटली आणि आनंदही झाला. यंत्र चाललं होतं.

कोर्लई, काशीद, नांदगाव. उन्हात मोठ्या यंत्राचा पडदा दिसेना आणि घामाचं बोट लागलं की नकाशा भलतीकडेच सरके. लहान यंत्र मात्र इमानदारीनं बाण दाखवत होतं. मुरूडला एका खानावळीत बोंबील आणि तांदळाची भाकरी खाताना मी वहीत लिहिलं: लहान घ्यावं. श्रीकांतनं वही ओढून वाचली आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "मला विचारलं नाही." मग हसला. मीही हसलो.

आगरदांड्याहून दिघीला जंगलजेट्टीनं (गाड्या वाहून नेणारी सपाट बोट) जायचं. बोट सुटली आणि दोन्ही यंत्रं ओरडायला लागली, रस्ता चुकलात, मागे फिरा. त्यांना बोट ठाऊक नव्हती. मी चेष्टेत काही बोलणार तेवढ्यात श्रीकांत तिकिटं तपासणाऱ्याकडे गेला आणि बोट चुकीच्या दिशेनं चालली आहे असं काळजीनं सांगू लागला. तो माणूस आधी हसला, मग त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हसायचा थांबला. "काका, बरोबर चाललीय. तो बघा समोर दिघीचा धक्का," असं म्हणून त्यानं श्रीकांतला पलीकडचा किनारा दाखवला. मी दोन्ही यंत्रांचा आवाज बंद केला. दिघीला उतरल्यावर तो पुन्हा चालू करायचा मी विसरलो. वाट विसरणाऱ्या माणसाला सांभाळायला निघालेला मी.

मुक्काम दिवेआगरला. संध्याकाळी किनाऱ्यावर बसलो होतो तेव्हा पाठीमागच्या माडांवर मोठा, जवळजवळ वाटोळा चंद्र आला. दोघांनी तो पाहिला. श्रीकांत म्हणाला, छान आहे. मीही म्हणालो, छान आहे. दोघांनाही त्यापलीकडे काही सुचलं नाही.

दुसरा दिवस शनिवार. घावन (तांदळाच्या पिठाचे पातळ डोसे) आणि नारळाचं दूध खाऊन सात वाजता निघालो. शेखाडीकडचा रस्ता समुद्राला चिकटून जातो आणि श्रीकांत त्या रस्त्यावर बदलून गेला. त्याचं आजोळ याच बाजूचं, एका लहान खाडीपलीकडची सुपारीची वाडी. गावाचं नाव मी लिहीत नाही, तिथले लोक माझ्याशी चांगले वागले. तो मागे वळून मला दाखवत होता, इथे विहीर होती, इथे मामाची बैलगाडी उलटली, इथे फणस. फणस खरोखर होता. कित्येक महिन्यांत मी त्याला इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं.

नऊच्या सुमारास त्यानं डांबरी रस्ता सोडून करवंदीच्या जाळ्यांमधली पायवाट धरली. यंत्रांवर रेघ मागे राहिली. मोठ्या यंत्रात ही पायवाट होती, पण ती खाडीच्या काठाशी संपत होती, पुढे नुसता निळा रंग. मी तसं म्हटलं. "त्याला काय कळतंय," श्रीकांत म्हणाला. "इथून उतार आहे. आम्ही शाळेला इथूनच जायचो." उतार म्हणजे ओहोटीला चालत ओलांडता येते ती जागा.

काठावर उभं राहून त्यानं मला हिशेब सांगितला. या बाजूला सगळ्यांना येतो तो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. "आज अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती होऊन गेली, बाराला पूर्ण ओहोटी. आत्ता नऊ, म्हणजे पाणी निम्मं आणि उतरतंय. गुडघाभर लागेल." पाणी खरंच निम्म्यावर होतं. हिशेबात चूक नव्हती. इतका स्पष्ट, इतका भरवशाचा आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला तो हवाच होता. यंत्र नको, कुलूप नको, माझा दोस्त ठीक आहे. मी सायकल खांद्यावर घेतली आणि त्याच्या मागे पाण्यात उतरलो.

मध्यावर पाणी मांडीला लागलं. तळाशी चिखल होता, पाय निघेना. मला वाटलं, एवढा एक खड्डा असेल. मग पाणी कमरेला आलं आणि ते आत येत होतं, जमिनीकडे. पाण्यावरच्या काटक्या आमच्या बाजूनं खाडीच्या आत चालल्या होत्या. श्रीकांत थांबला. त्यानं पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला पेट्रोलपंपाशी सापडलेला माणूस दिसला. "आपण कुठून आलो?" त्यानं विचारलं.

काठावर एक म्हातारी कालवं (खडकाला चिकटलेले शिंपले) फोडून परत निघाली होती. तिनं ओरडून विचारलं, कुठं चाललात, भरती लागली हाय. माझी आणि त्याच्या खांद्यावरून घसरलेली अशा दोन्ही सायकली सांभाळत मी त्याचा हात धरायचा प्रयत्न करत होतो. दोन्ही जमत नव्हतं.

"सायकली सोडा!" ती ओरडली. "सायकली सोडा, मानूस धरा!"

मी सोडल्या. दोन्ही सायकली यंत्रांसकट पाण्यात गेल्या. श्रीकांतला पाठीमागून काखेत धरून मी उलटा चालत राहिलो. दोनदा त्याचं तोंड पाण्याखाली गेलं. दुसऱ्या वेळी तो माझ्या हाताला चावला, घाबरून. काठाजवळ म्हातारीनं तिची लांब काठी पुढे केली आणि तिच्या नवऱ्यानं येऊन आम्हाला वर ओढलं.

त्यांच्या घरी चुलीपुढे बसवून त्यांनी आम्हाला कोरा चहा दिला. श्रीकांत कुडकुडत होता. म्हातारीनं त्याला निरखून विचारलं, कुणाचा तू. त्यानं आजोबांचं नाव सांगितलं, एकदाही न अडखळता. ती ओळखत होती. मग त्यानं अष्टमीचा हिशेब तिलाही सांगितला.

"अष्टमी व्हऊन आठ दिस झाले," ती म्हणाली. "आज पुनव हाय."

मला तेव्हा उमगलं. गेल्या शनिवारी आम्ही ही सहल ठरवली, पनवेलला, त्याच्या स्वयंपाकघरात. त्या दिवशी अष्टमी होती, वहिनी सहज म्हणाल्या होत्या. त्याचा दिवस तिथेच थांबला होता. पुनवेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे नऊला पाणी निम्मं आणि चढतं. वर पुनवेचं उधाण. आदल्या संध्याकाळचा चंद्र आमच्या दोघांच्या डोळ्यांसमोर आला होता, आणि माझं डोकं तर शाबूत होतं.

म्हातारीचा राग श्रीकांतवर नव्हता. ती माझ्याकडे वळली. "पान्यात पाय टाकायचा तर तिथी आपल्या तोंडची न्हाय धरायची. दुसऱ्याला इचारायची. याचा आजा सुद्धा इचारायचा, आन् तो तर पंचांग वाचायचा. तुमी का न्हाय इचारलं?"

संध्याकाळी ओहोटीला तिच्या नवऱ्यानं सायकली चिखलातून काढून आणल्या. मोठं यंत्र बंद पडलं होतं. लहान चालू होतं. रविवारी श्रीवर्धनहून टेम्पो केला आणि म्हसळ्याच्या रस्त्यानं परत निघालो. श्रीकांत खिडकीशी बसून होता.

घरी पोहोचल्यावर तो अंगणात सायकल धुवायला लागला आणि मी स्वयंपाकघरात वहिनींना हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, मग कुठलं घ्यायचं. मी म्हटलं, कुठलंच नको. यंत्र त्याला वाट दाखवेल, पण तो कधी स्वतःचं खरं मानेल आणि कधी यंत्राचं, हे कुठलंच यंत्र सांगू शकत नाही. मलाही सांगता आलं नाही. त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत.

"माझ्याबद्दल बोलताय तर माझ्यासमोर बोला." श्रीकांत दारात उभा होता, कोपरापर्यंत हात ओले.

मग मी त्याच्यासमोर बोललो. म्हटलं, आता एकट्यानं सायकल नाही. रस्त्यावर नाही, आडवाटेला नाही, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा नाही. बारा वर्षांत मी त्याला एकदाही कशाला नाही म्हटलं नव्हतं.

त्या क्षणी तो पूर्ण शुद्धीत होता, याबद्दल मला शंका नाही. "तू सांगितलंस ते बरं केलंस," तो म्हणाला. "पण मी उद्या विसरेन. उद्या परत सांगावं लागेल, परवाही. ते काम हिच्यावर टाकू नकोस."

त्याची निघायची वेळ सहाची. म्हणून रोज सकाळी साडेपाचला मी फोन करतो. तो बूट घालत असतो. मी सांगतो, आजपासून एकट्यानं जायचं नाही. रोज तो ते पहिल्यांदाच ऐकतो आणि रोज विचारतो, "का रे, मी काय केलं?" मग मी त्याला खाडीची सगळी हकीगत सांगतो, पाणी निम्म्यावर होतं तिथपासून. त्यात मी तिथी विचारली नव्हती, तेही सांगतो.