आईचं पहिलं टेक-ऑफ

आमच्या विक्रोळीच्या चाळीवरून उतरणारी विमानं इतकी खालून जायची की आईला त्यांची पोटं पाठ झाली होती. पापड वाळत घालून गॅलरीत बसली की ती वर बोट दाखवून विचारायची, यात तू आहेस काय? मी तिच्या शेजारी चहा पीत बसलेला असलो तरी विचारायची.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी विमान कंपनीत को-पायलट होऊन फार दिवस झाले नव्हते. वेंगुर्ल्याला मामेबहिणीचं लग्न निघालं. कंपनीकडून आईवडिलांची तिकिटं मिळत होती, तेव्हा मी ठरवलं की या वेळी एसटीचे धक्के नकोत. दोघांना गोव्यापर्यंत विमानानं न्यायचं, आणि तेही माझीच ड्युटी असेल त्या विमानानं. मिलमधून निवृत्त झालेले बाबा लगेच तयार झाले. आईनं आधी देवाला कौल लावला, मग होकार दिला.

त्या सकाळी माझ्याबरोबर मुलुंडचे एक कॅप्टन होते. धिप्पाड, मिश्कील माणूस. आईबाबा मागे बसलेत असं मी सांगताच ते निघण्याआधी स्वतः जाऊन त्यांना नमस्कार करून आले. परतले ते तोंडात खोबऱ्याची वडी घेऊनच.

सांताक्रूझच्या धावपट्टीवर आम्ही समुद्राच्या दिशेला तोंड करून उभे राहिलो. परवानगी मिळाली. विमान कॅप्टन चालवत होते; माझं काम काट्यांवर नजर ठेवण्याचं आणि वेग पुकारण्याचं. टेक-ऑफच्या आधी एक वेग ठरवलेला असतो. त्याच्या आत काही बिघडलं तर थांबता येतं. तो ओलांडला की थांबायचं नाही, उडायचंच.

मी "ऐंशी" म्हटलं. सगळं ठीक होतं. विमान पुढे झेपावलं, आणि त्या ठरलेल्या वेगाच्या थोडं अलीकडे उजवीकडून दणका ऐकू आला. दार धाडकन आपटावं तसा. विमानाचं नाक उजवीकडे ओढलं गेलं. उजव्या इंजिनाच्या तापमानाचा काटा सरसर वर चालला होता.

"उजवं इंजिन गेलं," मी म्हणालो.

"स्टॉप," कॅप्टन म्हणाले.

एवढंच बोलणं झालं. त्यांनी दोन्ही इंजिनांची ताकद काढून घेतली, ब्रेक दाबले, रिव्हर्स लावला. पट्टे खांद्यात रुतले. मी टॉवरला कळवलं, वेग उतरताना पुकारत राहिलो. समोरची धावपट्टी संपत चाललीय असं वाटत होतं, पण विमान थांबलं तेव्हा पुढे बरीच शिल्लक होती. आग नव्हती. खात्रीसाठी आम्ही ते इंजिन बंद केलं. अग्निशमन दलाच्या गाड्या आल्या, तापलेल्या चाकांभोवती फिरून त्यांनीही सगळं ठीक असल्याचं सांगितलं.

तोवर मला आई आठवलीही नव्हती. आता एकदम आठवली आणि मी मान वळवून मागच्या दाराकडे बघितलं. कॅप्टननी ते पाहिलं. प्रवाशांशी बोलायचं काम खरं तर त्यांचं. त्यांनी माइक माझ्या हातात दिला.

"आज तू बोल," ते म्हणाले. "तुझी आई ऐकतेय."

मी इंग्रजीत बोललो, हिंदीत बोललो. मग मराठीत सांगितलं की एका इंजिनात बिघाड झाला म्हणून आपण मुद्दाम थांबलो आहोत, कुणालाही धोका नाही, दुसरं विमान येईल. मागून टाळ्या ऐकू आल्या. मी ओशाळलो आणि माइक परत दिला.

सगळ्यांना टर्मिनलमध्ये नेल्यावर मी आईला शोधत गेलो. वाटलं होतं, रडत असेल. तिनं एका नव्या नवरीला शेजारी बसवून घेतलं होतं. मुलगी हनिमूनला निघालेली, आणि आता विमानात पाय ठेवणार नाही म्हणून हटून बसलेली. आई तिला वडी भरवत समजावत होती. बाबा शेजारी ताठ बसले होते. आईनं मघाशी आवळून धरलेला त्यांचा हात अजून सोडला नव्हता, आणि सगळ्यांसमोर हात धरल्याचं दोघांच्याही ध्यानात नव्हतं.

"भियालंस?" मी आईला विचारलं.

"मगे? भियालंय तर," ती म्हणाली. "पण तुझो आवाज इलो आणि बरा वाटला."

मी म्हटलं, विमान मी नाही थांबवलं, कॅप्टननी थांबवलं. ती म्हणाली, तेही तिला ठाऊक आहे, त्यांच्यासाठी वेगळी पुडी बांधून ठेवलीय.

दुपारी दुसरं विमान आलं. ती नवरी आईचा पदर धरून जिना चढली. तिच्या नवऱ्याला बाबांशेजारी बसावं लागलं. पुन्हा तीच धावपट्टी, पुन्हा मी "ऐंशी" म्हटलं, आणि या वेळी तो ठरलेला वेगही मागे पडला. चाकं सुटली. जुहूचा किनारा खालून सरकला आणि पुढे नुसता चकचकीत समुद्र. कॅप्टन माझ्याकडे बघून हसले आणि पुडी उघडली.

गोव्यात उतरल्यावर मला त्याच विमानानं परतायचं होतं. खाली आई मध्येच थांबून विमानाकडे वळली आणि शेपटीजवळच्या खिडक्यांना जोरजोरात हात हलवू लागली. बाबांनी तिला खांद्याला धरून पुढच्या बाजूला वळवलं. मी कॉकपिटची खिडकी सरकवून हात बाहेर काढला. तो दिसताच ती हसली, अगदी सगळे दात दाखवून, आणि तिथूनच ओरडून म्हणाली की नीट जा, आणि घरी पोचल्यावर दूध तापव.