लाडोबाचे तीन वाटे

वस्तीभराची कुलपं उघडणाऱ्या चावीवाल्याला बायकोपुढे मात्र तोंड उघडता येत नसे. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आई मेलेलं बकरीचं पिल्लू तिने घरी आणलं, बाटलीने दूध पाजून जगवलं, आणि आणलं त्याच दिवशी सांगून टाकलं, "मोठा झाला की हा बकरी ईदचा." पिल्लू दुकानातल्या किल्ल्या चघळू लागलं तेव्हा चावीवाल्याने वैतागून त्याचं नाव लाडोबा ठेवलं.

"एवढा जीव लावतेस आणि कापायला देणार?" त्याने एकदा विचारलं होतं.

"जीव लावला नाही, तर देणार काय?" ती म्हणाली. "मटण काय, खाटकाकडे रोजच मिळतं."

ईद तोंडावर आली आणि तीच गेली. तापाचं निमित्त झालं, चार दिवसांत खेळ आटोपला. घरात चावीवाला आणि लाडोबा हे दोघेच उरले. संध्याकाळ झाली की दोघेही स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून बसत. चावीवाल्याला निदान कळत तरी होतं. त्या मुक्या जिवाला कोण सांगणार?

मुलगी सासरहून आली ती बोकडाच्या गळ्यात पडूनच रडली. "अब्बा, याला राहू द्या. अम्मीच्या हातचं एवढंच राहिलंय. बाजारातून दुसरा आणू."

त्याच्या मनातलंच ती बोलली. तो लगोलग बाजारात गेला. एका बोकडाचे दात पाहिले, पाय पाहिले, शिंगं पाहिली. खोट असलेलं जनावर कुर्बानीला चालत नाही, आणि याच्यात नावाला खोट नव्हती. मग त्याने पाठीवर हात ठेवला आणि त्याला काहीच वाटलं नाही. हा गेला तर आपलं काय जाणार? चोरट्यासारखा तो माघारी फिरला.

"नाही आणला?" मुलीने विचारलं.

"खोट होती."

"बोकडात?"

"माझ्यात," म्हणून तो लाडोबाला पाला घालायला गेला.

ईदच्या सकाळी तो नमाज पढून आला, तर खाटीक दारात उभा. "चाचा, तुम्ही आत बसा. मी आटपतो." चावीवाल्याने नकारार्थी मान हलवली आणि सुरी मागून घेतली. ती पाठीमागे लपवली. जनावराला सुरी दाखवू नये. पण लाडोबा कोपऱ्यातून उठेचना. शेवटी चावीवाल्याने बायकोसारखी हाक मारली, "ये रे माझ्या लाडोबा!"

बोकड ताडकन उठला आणि थेट स्वयंपाकघराच्या दाराकडे धावला. तिथे कोणीच नव्हतं. मग सावकाश परत येऊन त्याने चावीवाल्याच्या गुडघ्याला डोकं टेकवलं.

चावीवाल्याने त्याला पाणी पाजलं, अल्लाचं नाव घेतलं. हात थरथरू दिला नाही. थरथरला असता तर लाडोबाचे हाल झाले असते, आणि तिने ते कधी माफ केलं नसतं. नंतर मात्र तो मोरीत जाऊन ढसाढसा रडला.

दुपारी तीन वाटे घालायला बसला: एक घरचा, एक नातेवाइकांचा, एक गरिबांचा. या घरची रीत अशी, की वाटे त्याने करायचे आणि कुठला कोणाचा ते बायकोने दाखवायचं. हा पक्का खवय्या. घरच्यासाठी म्हणून एक वाटा हळूच जड करायचा. ती बरोबर त्याच्यावरच बोट ठेवायची, "हा गरिबांचा." मग हा कुरकुरायचा आणि ती पोट धरून हसायची. वर्षानुवर्षं हाच तमाशा.

यंदाही सवयीने एक वाटा मोठा झाला. सवयीनेच त्याने मान वर केली. "बोल, गरिबांचा कुठला?"

मुलीने तोंडात ओढणीचा बोळा कोंबला. चावीवाला दाराकडे बघत राहिला, जरा जास्तच वेळ. मग मोठा वाटा त्याने गरिबांच्या परातीत सरकवला आणि दरवर्षीसारखाच कुरकुरला, "घे. झालं तुझं समाधान?"