मागची सीट रिकामी असताना

चूक जावयाची होती, आणि तीही धंद्यातली. न्हाव्यानं गिऱ्हाइकाची एका बाजूची मिशी तशीच ठेवून ऐटीत आरसा दाखवावा, तसला प्रकार.

त्याचं व्हील अलाइनमेंटचं दुकान होतं. गाड्यांची चाकं सरळ करून द्यायची, हाच धंदा. सासऱ्यांना त्यांची जुनी गाडी रेसट्रॅकवर न्यायची होती. शर्यत वगैरे नव्हती. अधूनमधून तो ट्रॅक चार लोकांना मोकळा करून देत. ज्याला आपली गाडी पोटभर पळवायची त्यानं हेल्मेट घालून यायचं आणि पाळी आली की फेऱ्या मारायच्या. आता, जोरात वळताना गाडी एका अंगावर कलते, टायर बाहेरच्या कडेवर येतो आणि तिथंच झिजतो. म्हणून पुढच्या चाकांचा माथा आधीच थोडा आत झुकवून ठेवतात. याला कॅम्बर म्हणायचं. जावयानं कॅम्बर झकास दिला. पण माथा झुकवला की चाकाचं तोंडही हलतं. रुसलेल्या दोन जावांसारखी दोन्ही चाकं एकमेकांपासून तोंडं फिरवतात. ती तोंडं पुन्हा सरळ करायची, म्हणजे टो बघायचा. हे जावई येईल त्या गिऱ्हाइकाला शिकवायचा. त्या दिवशी सासऱ्यांना शिकवत होता. हातवारे झाले, मध्येच चहा आला, चहा झाला, नट आवळले गेले. टो भाषणातच राहिला.

सासरे हा माणूस शिकवण्यासारखा नव्हताच खरं तर. उभी नोकरी त्यांनी सरकारी दवाखान्याची ॲम्ब्युलन्स चालवण्यात घालवली. पहिल्या भेटीत त्यांनी होणाऱ्या जावयाला पगार विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही. खाली जाऊन त्याच्या स्कूटरच्या टायरवरून हात फिरवला आणि वर येऊन म्हणाले, "ब्रेक उशिरा मारता तुम्ही." जावयाला वाटलं, लग्न मोडलं. पण ते तेवढ्यावरच थांबले, आणि आपली मुलगी त्याला दिली. मुलगी मात्र भांडणात अजूनही ते वाक्य वापरते.

दवाखान्यात त्यांच्याबद्दल सांगत की, त्यांच्या गाडीत नर्स उभ्यानं सुई टोचू शकायची. सासरे स्वतः यातलं काही सांगत नसत. विचारलं तर म्हणायचे, रस्ता चांगला होता. निवृत्त झाल्यावर मात्र एके दिवशी जेवताना त्यांनी मनातलं बोलून टाकलं. आयुष्यभर जोरात चालवली, पण मागं कुणीतरी आडवं असायचंच. एकदा मागं कुणी नसताना चालवून बघायचीय. नुसता मी आणि गाडी. बघू तरी, माझा खरा वेग काय आहे.

"मग मला घरी ठेवून बाजारात जात जा की," सासूबाई म्हणाल्या. "तेवढं कधी सुचलं नाही."

सगळे हसले आणि विषय संपला असं सगळ्यांना वाटलं. पण सासऱ्यांनी ट्रॅकवाल्यांना गाठून चौकशी करून ठेवली होती. ठरावीक वयाच्या पुढं ते कुणाला आत सोडत नसत. पुढच्या खेपेपर्यंत सासऱ्यांचा वाढदिवस उलटणार होता. म्हणजे काय ते यंदाच, याच दिवशी. नाहीतर नाहीच.

तर तो दिवस उजाडला. ट्रॅकवर पत्र्याच्या शेडमध्ये गाड्या ओळीनं लावलेल्या, पेट्रोलचा आणि तापलेल्या रबराचा वास, आणि सगळीकडे वयानं मोठे झालेले पण खेळणी न सुटलेले पुरुष. सासूबाई घडीची खुर्ची टाकून, मांडीवर विणकामाची पिशवी घेऊन बसल्या होत्या. सासऱ्यांनी पहिली फेरी घेतली, म्हणजे पहिल्या पाळीतल्या सगळ्या चकरा मारून ते परत आले. हेल्मेट काढलं. चेहरा उतरलेला.

जावयानं विचारलं, काय झालं, मामा? ते म्हणाले, काही नाही, गाडी जाते चांगली, पण स्टिअरिंग हातात काहीतरी कुजबुजतंय. मग गुडघ्यावर बसले आणि पुढच्या चाकाच्या मागं हात घातला, आतल्या बाजूला, जिथं कुणी बघत नाही. हात एका दिशेनं फिरवला, मग उलट दिशेनं. जावयाचा हात धरून तिथं ठेवला. एकीकडून टायर गुळगुळीत लागत होता, दुसरीकडून दातेरी.

"जावईबापू," सासरे शांतपणे म्हणाले, "ही करवत कंपनीची, की तुम्ही बसवलीत?"

जावयाला क्षणात सगळं दिसलं. कॅम्बर, चहा, नट. तोंडं फाकलेली चाकं इतका वेळ पुढं पळत पळत बाहेरच्या बाजूला खेचत होती, आणि झुकलेल्या माथ्यामुळं सगळा भार आतल्या कडेवर. कडा सोलून निघाली होती. बाहेरून बघावं तर टायर नवा कोरा. त्यानं जे झालं ते सांगून टाकलं. सासऱ्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात गाड्या तपासणारा आला. गळ्यात शिट्टी होती म्हणून सगळे त्याला शिट्टीवाला म्हणत. त्यानं बॅटरीच्या उजेडात आतली कडा बघितली आणि सांगितलं, टायरच्या आतली तार दिसत नाही अजून, पण असेच आणखी पळवलेत तर दिसेल. कारण दुरुस्त करा, टायर बदला, मग शेवटच्या पाळीला सोडतो. नाहीतर गाडी इथंच उभी राहील. माणूस वाईट नव्हता. जाताना म्हणाला, आजोबा, वाईट वाटून घेऊ नका. आजोबा या शब्दाचं सासऱ्यांना जास्त वाईट वाटलं.

टायरचा प्रश्न सोपा होता. मागची चाकं पुढं, पुढची मागं. टोचा प्रश्न अवघड होता, कारण दुकानातलं मशिन दुकानात होतं. मशिन यायच्या आधी हे काम दोरीनं करत. गाडीच्या दोन्ही अंगांना, गाडीला समांतर, दोरी ताणून बांधायची. मग चाकाच्या पुढच्या कडेपासून दोरी किती लांब आणि मागच्या कडेपासून किती, ते मोजायचं. दोन्ही मापं सारखी आली की चाकाचं तोंड सरळ. जावयाकडे टेप होती, पाने होते. दोरी नव्हती. शेजारच्या गाडीवाल्याकडे नायलॉनची होती, ती रबरासारखी ताणली जायची.

सासूबाई हे सगळं ऐकत होत्या. त्यांच्या हातात क्रोशाचं टेबलक्लॉथ होतं, धाकट्या बहिणीला द्यायचं, बरंच झालेलं. त्यांनी पिशवीतून पक्क्या पिळाच्या सुती दोऱ्याचं मोठं रीळ काढलं.

"हा ताणला जात नाही," त्या म्हणाल्या. "पण शेवटचं आहे हं. असा सायीचा रंग पुन्हा मिळत नाही."

सासऱ्यांनी रीळ घेतलं आणि म्हणाले, आणून देतो तुला. सासूबाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेनं बघितलं, की लग्नानंतरची सगळी 'आणून देतो' त्या नजरेत होती.

काम सुरू झालं. चार स्टँड उभे केले, दोरा ताणला. सासरे टेप धरायचे, जावई गाडीखाली पडून चाकाचं तोंड वळवणारा रॉड फिरवायचा. अर्धा आटा फिरवायचा, बाहेर यायचं, गाडी पुढं-मागं ढकलायची, पुन्हा माप. सासऱ्यांचं वजन गाडीत हवं म्हणून ते आत जाऊन बसायचे, तेव्हा टेप सासूबाई धरायच्या आणि माप असं मोठ्यानं वाचायच्या की शेजारच्या शेडमधली माणसं आपापली चाकं बघायला लागली. दोरा तेलानं काळा झाला. दोन्हीकडची मापं जुळली तेव्हा शेवटच्या पाळीची शिट्टी झालीच होती.

शिट्टीवाल्यानं वाकून बघितलं, दोऱ्याकडे बघितलं, सासूबाईंकडे बघितलं आणि जा म्हणाला. शेजारी एकाला बसता येत होतं. सासऱ्यांनी दार उघडलं. "या. तुमचा टो आहे, तुम्हीच ऐका."

आणि मग जावयानं जे बघितलं ते त्याला अजून नीट सांगता येत नाही. एरवी त्याला सगळं नीट सांगता येतं, हे आपण वर बघितलंच.

वेग भयंकर होता. पहिल्या वळणाला त्याचे पाय आपोआप खाली ब्रेक शोधायला लागले. पण गाडीत धक्का म्हणून नव्हता. ब्रेक लागला हे कळायच्या आत वेग उतरलेला असायचा, वळण सुरू झालं हे कळायच्या आत ते अर्धं सरलेलं. सासऱ्यांचे हात स्टिअरिंगवर असे होते, जसे झोपलेल्या मुलाच्या कपाळावर असतात. बाहेर टायर बारीक आवाजात गुणगुणत होते, चारही एका सुरात. जावयानं आजवर हजारो चाकं सरळ केली असतील. सरळ चाक इतकं सुंदर ऐकू येतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

आणि सासरे बोलत होते. आधी त्याला वाटलं, आपल्याशी. मग त्यानं कान दिला.

"आता उजवीकडे वळतोय हं," सासरे हळू म्हणत होते. "जरा धरून राहा. झालं. आता सरळ आहे, श्वास घ्या. पुढं एक डावं येईल."

मागची सीट रिकामी होती. सासऱ्यांची नजर समोर होती आणि आपण बोलतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. उरलेल्या सगळ्या चकरा जावई श्वास धरून बसला. प्रत्येक वळण त्यांनी आधी सांगितलं. कितीतरी माणसांनी आडवं पडून, छताकडे बघत, हा आवाज ऐकला असेल. त्यांतली काही आज बाजारात भाजी घेत असतील.

शेडमध्ये परतल्यावर सासऱ्यांनी आधी चाकामागं हात घातला. मग जावयाचा हात नेऊन ठेवला. कडेपासून कडेपर्यंत टायर सारखा गरम, सारखा खरबरीत, दोन्ही दिशांनी एकच. जावयाला हात काढवेना.

सासूबाईंनी विचारलं, "झाली हौस? कळला का तुमचा खरा वेग?"

सासरे खुर्चीशेजारी जमिनीवर बसले. थोडा वेळ बूट काढत राहिले. "नाही कळला," ते म्हणाले. "मागं कुणी नाही, असं दोनदा सांगितलं स्वतःला. हातांनी ऐकलंच नाही."

असं म्हणून ते इतके खूश दिसले की कुणी पुढं काही विचारलं नाही. गाडीतल्या त्या बोलण्याबद्दल जावयानं त्यांना कधी सांगितलं नाही; सांगितलं तर पुढच्या वेळी ते गप्प बसतील, अशी त्याला भीती वाटते, मग नुसतं बाजारात का जायचं असेना.

टेबलक्लॉथ एका कोपऱ्यात अपुरं आहे. सायीच्या रंगाचा दोरा सासऱ्यांनी आतापर्यंत तीनदा आणला. एक पिवळा निघाला, एक फार पांढरा, आणि एक, सासूबाईंच्या म्हणण्याप्रमाणे, दोराच नव्हे. धाकटी बहीण अधूनमधून विचारते. सासरे म्हणतात, आणून देतो.