शेवटच्या खुर्चीवरच्या ब्लाजेनाबाई

ओलोमोउत्सच्या आमच्या वाद्यवृंदात ब्लाजेनाबाई एकतीस वर्षं व्हायोलिनवाल्यांच्या शेवटच्या खुर्चीवर बसल्या, आणि त्यांच्या शेजारी मी. स्वरलिपीची पानं दोघांत एकच. ती उलटायचं काम त्यांचं. पान उलटेपर्यंत त्यांचं वाजवणं थांबायचं, माझं चालू राहायचं.

पुढं सरकायला त्यांनी तीनदा परीक्षा दिली. वाजवणारा पडद्याआड, परीक्षकांना फक्त ऐकू येतं. तिन्ही वेळा शेरा एकच, आवाज किरटा. तिसऱ्या वेळी परीक्षकांत मी होतो. पडद्याआड बाईच आहेत हे ओळखलं होतं, तरी त्यांच्या बाजूनं हात वर केला नाही.

"व्हायोलिन बदला की," कुणी म्हणालंच तर त्या म्हणायच्या, "का, तुझा सासरा घेऊन देतोय?"

शेवटच्या खुर्चीला आणखी एक काम असतं. मुख्य वादकाची तार तुटली, की तो पहिल्या खुर्चीवरच्याचं व्हायोलिन घेतो, पहिल्या खुर्चीला शेवटच्या खुर्चीचं पोचतं, आणि तुटक्या तारेचं नवी तार चढवायला हातोहात मागं येतं. म्हणून बाईंच्या खिशात कायम तारा.

जानेवारीत त्यांचा शेवटचा कार्यक्रम होता. "आज शेवटच्या सुरापर्यंत मी वाजवणार," त्या म्हणाल्या. "मध्येच कुणी तार तोडली तर तंगडं मोडीन त्याचं!"

आणि ऐन मध्यावर त्या दिवशीच्या मुख्य वादकाची, व्हिएन्नाहून आलेल्या पाहुण्याची, तार ताडकन तुटली. बाईंचं व्हायोलिन पुढं गेलं, पाहुण्याचं मागं आलं.

"घ्या! मेल्याला आजचाच मुहूर्त सापडला," बाई पुटपुटल्या आणि दाराआड गेल्या. दोन मिनिटांत तार चढवून परत आल्या. पण मांडीवर परक्याचं वाद्य, आणि पाहुण्याचं वाद्य वाजवायचं नाही हा आमचा रिवाज. शेवटचा भाग सुरू झाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नवी तार आहे, वोयमीर. वाजवल्याशिवाय सुरात राहत नाही," असं म्हणून त्यांनी गज उचलला.

आवाज हलकाच होता, पण काय भरदार! पुढं पहिल्या खुर्चीवर आमचे ओताकार, मोठे नावाजलेले, बाईंच्या व्हायोलिनवर किरटं वाजवत होते. एकतीस वर्षं मी बाईंच्या हाताला नावं ठेवली, आणि दोष त्या खोक्याचा होता. मला लाज वाटली. पान संपत आलं, तेव्हा मी माझा गज खाली केला आणि ते उलटलं. पुढचीही सगळी मीच उलटली.

टाळ्या संपल्यावर पाहुणा आला, तार छेडून पाहिली, "छान बसलीये," म्हणाला आणि वाद्य घेऊन गेला. ओताकारांनी बाईंचं व्हायोलिन परत आणलं. "काय हो हे! वाजवता तरी कसं यावर?"

बाईंनी ते पुसून पेटीत ठेवलं.

"ब्लाजेनाबाई," मी म्हणालो, "त्या तिसऱ्या परीक्षेत मी..."

"माहितीये रे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. पानं उलटायची थांबवली का मी तुझी?"