आवाज गेला त्या हिवाळ्यात

अठरा वर्षं विज्ञान शिकवल्यावर माझा आवाज गेला. डोंगरकड्याजवळच्या एका गावात माझी शाळा. दहावीच्या वर्गात साठ-पासष्ट मुलं, वर पत्रे, आणि शेजारच्या वर्गातल्या बाई माझ्याइतक्याच मोठ्यानं इतिहास सांगायच्या. आवाज आधी नुसता बसायचा, गुळण्या केल्या की सुटायचा. दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांनी, एका दिवाळीनंतर तो सुटलाच नाही. हिंगोलीच्या डॉक्टरांनी घसा बघितला. स्वरतंतूंवर गाठी आहेत म्हणाले. दीड महिना एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही.

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. इतकी थकले होते मी. पण बोर्डाची परीक्षा जवळ आलेली आणि विज्ञानाला दुसरं कुणी नाही. मुख्याध्यापक खाली बघत म्हणाले, "बाई, रजा घ्या म्हणायची माझी हिंमत न्हाई. तुमीच बघा कसं करायचं."

शाळेत एक संगणक होता. पगारपत्रकं आणि वर पाठवायचे तक्ते त्यावर व्हायचे, म्हणून तो क्लार्कभाऊंच्या खोलीत असायचा. मी त्यांना चिठ्ठी लिहिली : धडा यावर टाइप करून मुलांना दाखवता येईल का?

"येईल की," ते म्हणाले. "पण लाइट सकाळी आठलाच जाऊन राहिली. पोरं येतील का तितक्या लवकर?"

पोरं आली. तांड्यावरची तर दोन मैल चालत, कानाला रुमाल बांधून. पडदा एवढासा, म्हणून दहा-दहा जण आत बसायचे, बाकीचे व्हरांड्यात गणितं सोडवायचे. आदल्या दिवशी क्लार्कभाऊ शेजारी बसून मला मराठी कळफलक शिकवायचे. जोडाक्षरं काही केल्या जुळायची नाहीत. पाच ओळींचा मजकूर टाइप करायला मला अर्धा तास लागायचा, आणि मान भरून यायची.

सकाळी मी कळ दाबायची, मोठ्या अक्षरांत चार-पाच ओळी यायच्या, आणि कुणीतरी एकानं त्या मोठ्यानं वाचायच्या. तांड्यावरची एक मुलगी वर्षभर माझ्या वर्गात तोंड उघडत नव्हती. तिची पाळी आली. 'परावर्तन' या शब्दाशी ती अडली. एरवी मी लगेच तो शब्द म्हणून टाकला असता. आता म्हणता येत नव्हता. एक मुलगा हसला, त्यालाही मला रागावता आलं नाही. ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली, मग अक्षर-अक्षर जुळवून तिनं तो पुरा वाचला, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, मंग आरशात उजवं डावं काहून दिसते?"

मी उत्तर टाइप करायला घेतलं. एक वाक्य लिहिलं, चुकलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. दहाही जणं ते बघत होती. तिसऱ्यांदा पुसल्यावर तीच हळू म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई, मी सांगून बघते." तिनं सांगितलं ते निम्मं बरोबर होतं. उरलेलं दुसऱ्यांनी पुरं केलं.

त्या दिवशी घरी जाऊन मी नुसती बसून राहिले. अठरा वर्षांत किती मुलांना मी असं थांबू दिलं असेल, ते मोजायचं धाडस झालं नाही.

दीड महिन्यानं आवाज आला, खरखरीत आणि बारीक. संगणकावर तक्त्यांचं काम साचलेलं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, "आता बोलता येऊन राहिलं ना तुमाला? मंग द्या तो मोकळा." मी हो म्हणाले. भांडायचं त्राण नव्हतं. ती मुलगी विज्ञानात पास झाली, काठावर.

पुढच्या जूनमध्ये नवा वर्ग आला. वाचताना कुणी अडलं की मी मनात दहा आकडे मोजायची. पण अभ्यासक्रम मागं पडायला लागला की पाचावरच थांबायची आणि शब्द सांगून टाकायची.