मेलेल्या बहिणीचे पाच तारे

परभणीत कारेगाव रोडला शालूचं शिलाईचं दुकान आहे आणि त्याला लागून माझं झेरॉक्सचं. मधली भिंत इतकी पातळ, की तिचं मशीन थांबलं की मला कळतं, कोणीतरी मापाला आलंय. त्या जानेवारीत मात्र ते मशीन थांबलं ते बरेच दिवस सुरूच झालं नाही. तिची थोरली बहीण भिवराबाई न्हाणीघरात शॉक लागून गेली होती.

भिवराबाई बोरीकडची. नवरा तरुणपणीच वारला, पोरबाळ नाही. तिनं मेंढरं राखली आणि त्यांच्याच जिवावर धाकट्या शालूला शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं. पुढं शालूचा नवरा पुण्याला गेला तो तिकडचाच झाला, तेव्हा भिवराबाईनं कळप विकला आणि गाठोडं घेऊन परभणीला आली. "मी हाय की," एवढंच म्हणाली. शालूची मुलगी अपेक्षा तिच्या मांडीवर मोठी झाली. मेंढरांमागं उन्हातान्हात फिरून भिवराबाईचे गुडघे गेले होते. थंडीत तिला उठता येईना, म्हणून शालूनं गिझर बसवायचं ठरवलं.

अपेक्षा तेव्हा कॉलेजला होती. तिनं फोनवर शोधलं. 'निर्धोक होम सर्व्हिस' नावाच्या ठेकेदाराला शहरात सगळ्यात जास्त तारे होते. खाली माणसांची नावं, एकाहून एक कौतुक. मालक बन्सीधर स्वतः घर बघायला आला. गोड बोलणारा, बायामाणसांशी अदबीनं वागणारा. "ताई, अर्थिंगसकट सगळं आमच्याकडं. तुमी फक्त नळ सोडायचा," म्हणाला.

त्याची माणसं आली, दुपारच्या आत काम उरकून गेली. जाताना एकानं गिझरजवळ उभं करून भिवराबाईचा फोटो काढला. डोक्यावर पदर आणि मेंढ्याच्या पाठीवर ठेवावा तसा गिझरवर हात. फोटोत ती हसतेय. चूल न पेटवता गरम पाणी येतं, याचं तिला फार अप्रूप वाटत होतं.

मग ती सकाळ आली. बादली पडल्याचा आवाज झाला. शालूनं हाका मारल्या, दार ढकललं, बहिणीला धरायला गेली तर तीच भिंतीवर फेकली गेली. अपेक्षानं धावत जाऊन मेन बंद केला. तोवर सगळं संपलं होतं.

पोलिसांनी पंचनामा करून अकस्मात मृत्यूची नोंद केली. बन्सीधर हात जोडून दारात आला. "लय वाईट झालं ताई. पण आमचं काम चोख होतं. मागून कुणीतरी वायर छेडली असंल," म्हणाला. ओळखीतला वायरमन लिंबाजी याच्याकडून शालूनं बोर्ड उघडवला. हिरवी वायर, म्हणजे गिझरमध्ये करंट उतरला तर तो जमिनीत घेऊन जाणारी अर्थिंगची वायर, बोर्डामागं कापून, दुमडून भिंतीत कोंबलेली होती. ती जमिनीपर्यंत कधी गेलीच नव्हती. लिंबाजीनं ते पोलिसांना लिहून दिलं. पण वायर आधीपासून तुटकी होती की नंतर कुणी तोडली, हे सिद्ध कसं करायचं? वकील म्हणाले, काही हलवू नका, गिझर आहे तसा राहू द्या, वेळ लागेल.

इथपर्यंत शालू फक्त रडत होती. ती बदलली तेराव्यानंतर.

अपेक्षा माझ्या दुकानात मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती काढायला आली होती. मशीन गरम होईपर्यंत फोन बघत उभी होती आणि एकदम तिनं तो काउंटरवर उलटा टाकला. मी फोन उचलला. 'निर्धोक'च्या पानावर नवं मत आलं होतं. भिवराबाईचं नाव, तोच हसरा फोटो, पाच तारे. खाली लिहिलं होतं, 'काम एकदम भारी. मी रोज बिनधास्त वापरते. सगळ्यांनी यांनाच बोलवा.'

तारीख कालची होती.

शालू आली. तिनं ते वाचलं, परत वाचलं. मला वाटलं ती फोन फोडते. तिनं तो पदरानं पुसला आणि अपेक्षाच्या हातात दिला. "माझ्या अक्काला लिहायला येत न्हवतं," म्हणाली. "अंगठा लावायची ती. आता मेल्यावर हा तिला लिहायला लावायलाय. ह्याला मी सोडणार न्हाई, अपेक्षा. हा जिवंत हाय तोवर न्हाई."

आधी तिनं सगळे करतात तेच केलं. घडलं ते लिहिलं आणि एक तारा दिला. दोनच दिवसांत त्याच्यावर नव्या कौतुकांचा ढीग पडला आणि तिचं म्हणणं तळाला गेलं. बन्सीधरनं खाली उत्तर टाकलं, 'ही व्यक्ती आमची ग्राहक नाही. धंद्यावर जळणाऱ्यांचं काम आहे.' मग त्यानं तक्रार केली असावी, कारण एके दिवशी तिचं लिहिलेलं गायबच झालं. भिवराबाईचे पाच तारे मात्र तसेच.

"एकटीचं खरं त्याच्या शंभर खोट्याखाली दबतंय," शालू मला म्हणाली. "मग मला त्याचे शंभरच उकरून काढावे लागतील."

परभणी म्हणजे काय मुंबई नाही. शालूकडं सगळ्या भागांतल्या बायका ब्लाउज शिवायला येतात. तिनं नावं विचारायला सुरुवात केली. हे देशमुख कोण, वसमत रोडला राहतात म्हणे? ही जिंतूर रोडची जाधव वहिनी कोण? अर्धी माणसं कुठं सापडेचनात. जी सापडली, त्यांच्या दारात शालू आणि अपेक्षा उभ्या राहिल्या. एका बाईनं तर आपलं नाव आणि आपलंच कौतुक पहिल्यांदा शालूच्या फोनवर वाचलं. तिच्या घरचा पंखा त्याच माणसांनी बसवला होता आणि तो महिन्याभरात जळाला होता. "मी असं कवा लिव्हलं?" म्हणत ती भडकली. एका मास्तरांनी एक बल्ब फुकट मिळाला म्हणून तारे दिले होते. ते मान खाली घालून बसले. एक तरुण निघाला बन्सीधरचा साडू. त्यानं दारच लावून घेतलं.

अपेक्षानं नवं पान उघडलं आणि मायलेकींनी त्याचे नियम ठरवले. लिहिलेलं काही घ्यायचं नाही. ज्याचं घर त्यानं आपल्या तोंडानं, झालेल्या कामाशेजारी उभं राहून बोलायचं. ठेकेदाराशी नातं काय, बोलण्याबद्दल काही मिळालं का, हे आधी सांगायचं. लिंबाजी सोबत येणार, अर्थिंग तपासणार आणि मीटरवरचा काटा तसाच दाखवणार. शिवाय ठेकेदाराला फोन करून त्याची बाजू विचारायची, तो जे बोलेल ते न कापता टाकायचं. हा शेवटचा नियम अपेक्षाचा. शालूला तो अजिबात आवडला नव्हता.

एकेक घर पानावर चढू लागलं. बन्सीधर फोनवर शिव्या द्यायचा, त्याही टाकल्या जायच्या. लोक बघू लागले. त्यानं दुकानासमोर दोन माणसं उभी केली, आल्यागेल्या बायकांकडं बघत राहायची. शालू कात्री हातात घेऊन बाहेर गेली आणि म्हणाली, "आत या की. माप घेते." ती माणसं परत दिसली नाहीत. त्या दिवसांत तिच्या तोंडावर एक वेगळंच तेज असायचं. मला खरं सांगायचं तर तिची भीतीही वाटायची. जेवताना, शिवताना, गिऱ्हाइकाशी बोलतानाही तिच्या डोक्यात तो एकच माणूस.

मग वसमत रोडला व्यंकटरावांचं घर आलं. हे निवृत्त तलाठी. त्यांचं मत बन्सीधरच्या पानावर सगळ्यात जुनं होतं. शालू गेली ती हेही खोटं निघणार अशा खात्रीनं. पण व्यंकटराव म्हणाले, "मीच लिहिलंय. नातं काही नाही, मिळालं काही नाही. सगळ्या घराची वायरिंग बन्सीधरनं स्वतःच्या हातानं केली. अर्थिंगचा खड्डा मी उभा राहून खणून घेतला. कोळसा, मीठ, पट्टी, सगळं. इतक्या वर्षांत कधी साधा फ्यूज उडाला नाही." लिंबाजीनं तपासलं. काम अगदी नीट होतं.

तिघं रिक्षानं परतले. दुकानात आल्यावर अपेक्षानं विचारलं, "आई, हे टाकायचं?"

शालू मशीनवर बसली आणि नुसतंच पायडल मारत राहिली, सुईखाली कापड नसताना. मी माझ्या दुकानातून तो पोकळ आवाज ऐकत होते. लिंबाजी चुळबुळत म्हणाला, "राहू द्या की. एक घर न्हाई दाखवलं तर कुणाला कळायलंय?"

शालूचे पाय थांबले. "टाक," ती म्हणाली. "सगळ्यात वर टाक."

"आई, त्याची बाजू भारी होईल."

"होऊ दे. अगं, त्याला काम येतंय! खड्डा कसा खणायचा, पट्टी कशी पुरायची, सगळं येतंय. व्यंकटराव समोर उभे होते म्हणून त्यानं केलं. माझी अक्का अडाणी, तिला काय कळतंय, म्हणून खड्ड्याचा खर्च वाचवला आणि माणसांकडून हिरवी वायर कापून भिंतीत कोंबवली. येत न्हवतं म्हणून चुकला असता तर एक वेळ... न्हाई. टाक ते. लोकांना कळू दे, त्यानं जाणूनबुजून केलंय."

त्या एका व्हिडिओनं जे झालं ते आधीच्या कशानं झालं नव्हतं. ज्या पानावर शत्रूचं चांगलंही दाखवतात, तिथलं वाईट खोटं कसं असेल, असं लोक बोलू लागले. आता बोलवावं लागेना. लोकच फोन करून म्हणायचे, आमचा गिझर तपासा. कितीतरी घरांत हिरवी वायर हवेतच लोंबत होती. एका नव्या अपार्टमेंटचं काम बन्सीधरच्या हातातून गेलं, मग दुसरं.

शेवटी तो दुकानात आला. एकटा, भर दुपारी. दाढी वाढलेली.

"ताई, चुकलं. अक्काचं ते मत कामावरच्या पोरानं टाकलं, मला ठाऊकच न्हवतं. मी सगळी खोटी मतं काढून टाकतो. तुमी तुमचं पान बंद करा. मला लेकरं हायेत."

"काम चोख होतं म्हणलास ना दारात येऊन?"

"काम तर चोखच होतं ताई. वायरीचं मला खरंच माहीत न्हाई."

"बरं," शालू म्हणाली. "मग चल घरी. गिझर हाय तसाच हाय. मी चालू करते, तू आंघोळ कर. धडधाकट बाहेर आलास तर आजच पान बंद. माझ्या लेकीची शपथ."

ती पुढं, तो मागं. गल्लीतली माणसं जमली. मीही दुकान उघडं टाकून गेले. न्हाणीघराच्या दारात तो थांबला. शालूनं त्याच्यादेखत गिझरचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. अपेक्षाच्या हातात फोन होता, आणि तो तिनं लपवलाही नव्हता.

"जा की. तुझंच काम हाय. रोज बिनधास्त वापर."

बन्सीधरनं चप्पल काढली आणि परत पायात घातली. नळाकडं हात नेला, मागं घेतला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मग बारीक आवाजात म्हणाला, "आधी मेन बंद करा."

अपेक्षानं फोन त्याच्या आणखी जवळ नेला.

"मोठ्यानं म्हण," शालू म्हणाली.

तो वळला आणि माणसांना ढकलत निघून गेला. नंतर कळलं, तो कधी ना कधी येणारच हे धरून, आधीच वकिलांना विचारून आणि लिंबाजीला लावून शालूनं त्या गिझरची लाइन बाहेरूनच तोडून घेतली होती. लाल दिवा वेगळ्या वायरीवर होता. तो तिथं तासभर न्हाला असता तरी त्याला काही झालं नसतं. "मला त्याचा जीव नको हाय," ती म्हणाली. "जीव गेला की सुटला की तो."

'आधी मेन बंद करा' हे चार शब्द जिल्हाभर फिरले. त्यांच्या जोरावर पोलिसांनी निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला. खटला आता उभा राहिलाय, तारखा पडतायत. 'निर्धोक'ची पाटी उतरली. अपेक्षाचं पान मात्र वाढलं. आता त्यावर नळवाले, रंगवाले, फरशीवाले सगळेच असतात, आणि नियम अजून तेच आहेत. चांगलं काम करणारे मिस्त्री स्वतःहून म्हणतात, आमचं घर बघायला या. अपेक्षाला त्याचा आनंद होतो. शालूला त्यात काही रस नाही.

गेल्या महिन्यात तिला कळलं, की बन्सीधर येलदरी धरणाकडं मेव्हण्याच्या नावानं कामं घ्यायला लागलाय. दुसऱ्याच दिवशी तिनं दुकानाला कुलूप लावलं आणि जिंतूरची बस पकडली. धरणाजवळच्या वस्तीत एका घरी वायरिंग चालू होतं. ती ओसरीवर बसली, घरच्या बाईनं दिलेला चहा प्यायली आणि मग फोन काढून तो व्हिडिओ लावला. शिडीवर चढलेल्या बन्सीधरला स्वतःचाच आवाज ऐकू आला. तो खाली उतरला आणि सामान तिथंच सोडून गाडीवर बसला.

घरची बाई घाबरून म्हणाली, "बाई, किती दिवस करणार तुमी असं?"

"तो कुठवर जातोय ते बघायचंय," शालू म्हणाली, आणि त्याच्या मेव्हण्याचं पूर्ण नाव विचारून घेतलं.