वाशीतला बर्फ आणि सिमल्याचे बाबूजी

"वाशीत आमच्याकडे बर्फ होता, त्यावर माणसं घसरायची," असं मी सांगितलं की ऐकणारे आधी माझ्याकडे बघतात, मग शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याकडे. त्याने मान डोलावली की कुठे विश्वास बसतो. मग एक किस्सा सांगावा लागतो, त्याच्या मागून दुसरा येतो आणि चहा गार होतो. त्या दोन वर्षांत मी जेवढी हादरले तेवढी उरलेल्या आयुष्यात नाही, आणि मला दोन मुलगे आहेत!

नव्वदीची मधली वर्षं. मार्केटमध्ये कांतीशेठ म्हणून सफरचंदांचे व्यापारी होते. माल सिमल्याकडून यायचा. एका थंडीत शेठ तिकडे व्यवहाराला गेले आणि लोक पहाटे पहाटे बर्फावर स्केटिंग करताना बघून आले. दुसऱ्या कुणी फोटो काढला असता. शेठ म्हणाले, "थंड करायचा मशीन माझ्याकडे हाय, गोडाऊन रिकामा पडलाय. मग बर्फ कशाला नाय?"

गोडाऊनच्या जमिनीवर बर्फ गोठवायचं ठरलं आणि पुढच्या सीझनला सफरचंदांच्या ट्रकमधून कोच आला. अक्षरशः ट्रकमधून! कळंबोलीला ट्रक थांबला, पेट्यांच्या बाजूने एक उंच, गोरा माणूस उतरला. ऑक्टोबरचं ऊन, अंगात स्वेटर, गळ्यात लेस बांधून अडकवलेले स्केटचे बूट. ते नेगी सर.

आमचा स्टाफ म्हणजे तीन माणसं. सर शिकवायचे. मी, शालन, काउंटरवर बसून लोकांना बूट द्यायचे. आणि दिवाळे गावचे हिराकाका कोळी बर्फ बघायचे. शेठचं म्हणणं, कोळ्याइतकं बर्फातलं कोणाला कळतं!

सरांचं एकच दुखणं होतं. त्यांचे वडील, बाबूजी, सिमल्यातले जुने स्केटर. मुलगा तिथला बर्फ सोडून मुंबईकडे मशीनचा बर्फ शिकवायला गेला, हे त्यांना इतकं लागलं की त्यांनी बोलणंच टाकलं. सर दर महिन्याला पत्र लिहायचे. उत्तर नाही. एकदा तरी बाबूजींनी इथे येऊन आपला बर्फ बघावा आणि आपल्याशी बोलावं, एवढंच त्या माणसाला हवं होतं. त्यामुळे आमच्याकडे काहीही घडलं की सरांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "बाबूजी को पता नहीं चलना चाहिए!"

* * *

आणि घडायचं काय, तर रोज काहीतरी. उद्घाटनापासूनच सुरुवात.

दिवाळीतल्या पाडव्याचा मुहूर्त. भटजी आले, मार्केटमधले वीस-पंचवीस व्यापारी आले. पूजा कुठे मांडायची? शेठ म्हणाले, "धंदा बर्फाचा, तर पूजा बर्फावर!" सरांना मराठी फारसं कळत नव्हतं, ते कौतुकाने बघत उभे.

पूजा म्हटल्यावर सगळ्यांनी काय केलं? चपला काढल्या! पंचवीस मोठी माणसं अनवाणी बर्फावर. पहिल्या मिनिटाला भक्तिभाव. दुसऱ्या मिनिटाला सगळे एका पायावर. तिसऱ्या मिनिटाला दुसऱ्या पायावर. भटजी तर ताम्हणात उभे राहिले!

शेठ मात्र हलले नाहीत. उलट ओरडले, "अरे, गणपती केव्हाचा बसलाय, त्याने तक्रार केली काय?"

आणि मग त्यांनी नारळ उचलला. सरांना तोपर्यंत वाटत होतं की नारळ शोभेला आहे. शेठनी तो दाणकन बर्फावर आपटला. नारळ फुटला नाही. बर्फ फुटला! या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग.

सर मटकन खाली बसले. "बाबूजी को..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

* * *

माझे आबा मार्केटात माथाडी. गाव साताऱ्याकडे, इथे आयुष्यभर पाठीवर कांद्याच्या गोणी. मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "काम काय असतंय?"

मी म्हटलं, "लोकांना बूट द्यायचे. ते बर्फावर जातात, पडतात. मग बूट परत घ्यायचे."

आबांनी घास खाली ठेवला. "पडत्यात? आन् त्येचं पैसं त्यांला मिळत्यात?"

"नाही आबा. तेच देतात."

आबा आईकडे वळले. म्हणाले, "ऐकलंस का? आमी गोणीखाली घसरलो की मुकादम आयमाय काढतो. आन् हितं तिकीट काढून घसरत्यात! पोरीला सांग, चांगल्या घरची माणसं येत असतील तरच जा."

* * *

सरांना वाटायचं, आपल्या स्टाफला खेळाचा इतिहास माहीत हवा. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा त्यांनी आम्हाला बसवलं. शेठपण होते.

सर सांगू लागले. फार फार पूर्वी, थंडीत सगळं गोठणाऱ्या मुलखांत, लोकांना तळी-नद्या ओलांडायच्या असत. खेळ वगैरे काही नाही, नुसती गरज. तर ते पायाखाली जनावरांची हाडं बांधायचे.

"हड्डी?" शेठ ताडकन उठले. पक्के शाकाहारी! "माझ्या गोडाऊनमध्ये ही भाषा? आंघोळ करावी लागेल मला!" आणि खरंच घरी गेले.

सरांनी घाईघाईने पुढची गोष्ट सांगितली. मग लाकडी तळ आले, मग लोखंडी पाती आली, हॉलंडमध्ये कालवे गोठले की अख्खं गाव बाजाराला स्केटवरून जायचं, मग शर्यती, मग संगीतावरचं स्केटिंग... पण हिराकाका तिथे नव्हतेच. ते हाडांपाशीच थांबले होते.

"सर, कंच्या जनावराचा हाड?"

"घोडा, गाय... पैर की लंबी हड्डी."

दुसऱ्या दिवशी मी कुलूप उघडलं आणि जागच्या जागी थिजले. हिराकाका बर्फावर! मागच्या दाराने आलेले. दोन्ही पायांखाली कुठल्याशा खाटकाकडून आणलेली, घासून सपाट केलेली लांब हाडं, वर जाळ्याच्या दोरीने पक्की बांधलेली. हातात होडीचा बांबू. बांबू मागे रोवायचा, अंग पुढे ढकलायचं, पाय जागचे उचलायचेच नाहीत. साठीचा माणूस सरळ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला!

सर माझ्या मागे येऊन उभे होते. त्यांचा चेहरा पांढरा पडलेला. मला वाटलं, आता काकांची नोकरी जाते. सर हळूच, नव्याने शिकलेल्या मराठीत म्हणाले, "शालन, हाडांवर असंच जायचे लोक. काठीने ढकलत. मी पुस्तकात वाचलंय. यांना कोणी सांगितलं?"

मी काकांना विचारलं. काका घाम पुसत म्हणाले, "सांगाचा काय त्यात? ही त होरीच हाय. पानी जरा घट झालाय, इतकाच!"

* * *

आता माझा स्वतःचा पराक्रम. लपवण्यात अर्थ नाही.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा करतात. माझ्या ताब्यात हत्यारं कोणती? ऐंशी जोड बूट, म्हणजे एकशे साठ पाती! मी मनोभावे एकेका पात्याला हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. सर खूश. म्हणाले, "हथियार की पूजा! ये बाबूजी को लिखूंगा." पहिल्यांदाच त्यांना इथे घडलेलं काही बाबूजींना सांगावंसं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दसरा, सुट्टी, ही गर्दी! मी भराभर बूट वाटले. पुसायचे राहिले.

पाच मिनिटांत बर्फावर लाल रेघा. दहा मिनिटांत लाल ओघळ. मधोमध एका सोसायटीच्या बाई सलवार-कमीज घालून, नवऱ्याचा दंड धरून उभ्या होत्या. त्यांनी खाली बघितलं आणि अशी किंकाळी फोडली, "रक्त! रक्त!!"

झालं! सगळे पळायला लागले. पायात स्केट घालून माणूस पळतो म्हणजे काय होतं ते मी सांगत नाही. चाळीस माणसं एकावर एक. हिराकाका काठावरून घसा फोडून ओरडतायत, "रगत नाय! कुंकू हाय, कुंकू!"

पळापळ थांबली. त्या बाई ढिगातून उठून बसल्या. त्यांनी बर्फावरून बोट फिरवलं, निरखून बघितलं आणि ते बोट कपाळाला लावलं. मग माझ्याकडे वळून चिडून म्हणाल्या, "अहो, आधी सांगायचं ना! दसऱ्याच्या दिवशी बायकांना असं ओरडायला लावता!"

सरांनी बाबूजींना लिहिलेलं ते पत्र फाडून टाकलं.

* * *

मे महिन्यात एक दिवस सर काउंटरपाशी आले. हातात बाबूजींचं पोस्टकार्ड. बाबूजी रामेश्वर करून परत निघालेत, वाटेत एक दिवस थांबणार. खाली फक्त गाडीची वेळ लिहिलेली. "कसा आहेस" नाही, "आशीर्वाद" नाही. पण सर ते कार्ड आठवडाभर खिशात घेऊन फिरले.

मग आम्ही बर्फ असा केला, असा केला, की काय सांगू! हिराकाका दिवसातून चारदा पाण्याचा पातळ थर द्यायचे. आरसा बघायचा असेल तर त्यात बघावा. सरांनी नवा स्वेटर काढला.

त्या दिवशी सकाळी सर टेम्पो घेऊन दादरला गेले. आणि नऊच्या सुमारास लाइट गेली! बाहेर मे महिन्याचं ऊन, पत्र्याचं छप्पर तापलेलं. तासाभरात बर्फावर पाणी चमकायला लागलं. शेठ वीज कंपनीच्या ऑफिसात जाऊन बसले. इथे मी आणि हिराकाका. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. दीड वर्षाने बाप येतोय आणि बर्फ चाललाय!

हिराकाका म्हणाले, "रडू नको, पोरी. बरफ कसा राखाचा ता मना शिकवाचा नाय. होरीत आमी काय करतांव? मीठ टाकतांव! मिठानं गारवा धरतं."

मलाही पटलं. का पटू नये? गावच्या जत्रेत कुल्फीवाला मडक्यातल्या बर्फाला मीठच घालायचा, म्हणून तर कुल्फी गोठायची. मीच म्हणाले, "टाका काका! भरपूर टाका!"

काकांच्या व्याह्याचं मिठागर. तासात सहा गोणी मीठ आलं. आम्ही दोघांनी हातांनी पेरल्यासारखं, एक कोपरा न सोडता, सगळ्या बर्फावर मीठ पसरलं. आधी कर्रकर्र असा आवाज आला. मला वाटलं, धरला गारवा! मग बर्फ पांढुरका झाला, मग भुसभुशीत, आणि मग आमच्या डोळ्यांदेखत सगळा राबडा झाला. मडक्यातली कुल्फी गोठते, पण मडक्यातला बर्फ विरघळतो, हे आम्हाला दोघांना त्या दिवशी कळलं!

हिराकाका काठावर बसून स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागले. मी त्यांचा हात धरला. तेवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

* * *

बाबूजी आत आले. सत्तरीचे, सरांसारखेच उंच, डोक्यावर पहाडी टोपी. मागून सर, दोन्ही हातांत पिशव्या. सरांनी बर्फाकडे बघितलं आणि पिशव्या हातातून गळून पडल्या. प्रसादाचे लाडू गडगडत काठापर्यंत गेले.

मी लाडू गोळा करायला वाकले. हिराकाका उठले, हात जोडून म्हणाले, "माजी चूक हाय. सरांची नाय." मी म्हटलं, "माझी पण." बाबूजींना यातलं अक्षर कळलं नसणार.

ते काठापर्यंत आले. वाकून त्यांनी ओंजळभर राबडा उचलला, नाकाशी नेला, जिभेला लावला. "नमक," ते स्वतःशीच म्हणाले. मग काठावर बसून त्यांनी बूट काढले, मोजे काढले, मोजे नीट घडी करून बुटात ठेवले. पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडली. आणि तो सत्तर वर्षांचा म्हातारा त्या गार पाण्यात उतरला! मी तोंडावर हात धरला. तो चालत चालत बरोबर मध्यभागी गेला, पायाने तळ चाचपून बघितला, कमरेवर हात ठेवून चारी बाजूंना नजर फिरवली.

मग वळून, दीड वर्षात पहिल्यांदा, मुलाशी बोलला.

"खड़ा क्या है? झाड़ू ला!"

सर खराटा आणायला धावले. येताना दोन घेऊन आले.